मातीला हवे जिवंत मूळ

तालुक्याच्या गावी कोणत्याही कृषी सेवा केंद्रात गेलात तर कीटकनाशकांच्या शेजारी आता जिवाणूंचे कपाट दिसते. रायझोबियम, अझोटोबॅक्टर, स्फुरद विरघळवणारे जिवाणू, ट्रायकोडर्मा, मायकोरायझा. प्रत्येक बाटलीवर ‘एका मिलिलिटरमध्ये इतके कोटी’ असा आकडा छापलेला असतो. शेतकरी बाटली घेतो, शेणखतात कालवतो किंवा ठिबकमधून सोडतो आणि जमीन आता जिवंत होईल अशी आशा धरतो. या आशेत मला काही गैर दिसत नाही. युरियाच्या गोणीपलीकडे पाहू लागलेला शेतकरी ही आपल्या शेतीतली एक चांगली घडामोड आहे. पण एक प्रश्न दुकानात कोणी विचारत नाही आणि सल्ला देणारेही फारसा काढत नाहीत: हे कोट्यवधी जीव शेतात जाऊन खाणार काय?

मातीत जिवांची टंचाई क्वचितच असते. एक ग्रॅम बऱ्या मातीत जिवाणूंची संख्या शंभर कोटींच्या घरात जाऊ शकते. त्यातले बहुतेक एका वेळी निपचित पडलेले असतात, कारण त्यांना खायला मिळत नाही. टंचाई असते ती अन्नाची, म्हणजे सहज पचणाऱ्या कर्बाची. हा कर्ब शेतात येतो तो सर्वात आधी आणि सर्वात सातत्याने वाढत्या पिकाच्या मुळांतून. म्हणून माझे म्हणणे असे की मातीतल्या जीवसृष्टीचे भवितव्य बाटलीत काय आहे यावर फार थोडे आणि जमिनीत जिवंत मूळ कोणते आहे, किती दिवस आहे, यावर फार मोठ्या प्रमाणात ठरते. हे मान्य केले तर आपल्या पीकपद्धतीकडे, खतांकडे आणि बियाण्यांकडेही आपल्याला निराळ्या नजरेने पाहावे लागेल.

ही गोष्ट विज्ञानाला नवी नाही. म्युनिकमध्ये काम करणारे लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ साली मुळांच्या लगतच्या मातीला ‘रायझोस्फिअर’ हे नाव दिले. हिल्टनर कडधान्यांच्या गाठींवर काम करत होते. गाठींतल्या जिवाणूंचे पहिले व्यापारी संवर्धक फ्रीड्रिख नोबे यांच्यासोबत १८९० च्या दशकात त्यांनीच बाजारात आणले होते. म्हणजे बाटलीच्या धंद्याचा एक जनक आणि मुळांच्या सत्तेचा पहिला भाष्यकार ही एकच व्यक्ती होती. मुळांतून पाझरणारी द्रव्ये उपयोगी जिवांना बोलावतात, पण त्याच वासावर नको असलेले पाहुणेही येतात, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते. पुढच्या शंभर वर्षांत बाटलीची परंपरा फोफावली आणि मुळांची मागे पडली. मूळ जमिनीखाली असते, ते पाहायला खणावे लागते आणि खणले की ते तुटते. त्याचा अभ्यास अवघड होता, हे त्यामागचे साधे कारण.

मुळाचे टोक जमिनीत पुढे सरकते तेव्हा ते आपल्या जिवंत पेशी मागे सोडत जाते आणि भोवती एक चिकट द्राव पसरते. टोकाच्या मागच्या कोवळ्या भागातून साखरा, अमिनो आम्ले, सेंद्रिय आम्ले आणि फिनॉल गटातली कितीतरी रसायने बाहेर पडतात. द्राक्षबागाईतदार छाटणीनंतर जमीन उकरून ज्या पांढऱ्या मुळीचा शोध घेतात, ती हीच. मूळ तपकिरी आणि जून झाले की हा पाझर आटतो. पांढऱ्या मुळीपासून जेमतेम काही मिलिमीटरच्या पट्ट्यात जिवाणूंची संख्या आजूबाजूच्या मातीपेक्षा दहापट ते शंभरपट आढळते. संख्या वाढते, पण विविधता बहुधा घटते. ज्यांना हे अन्न मानवते तेच तिथे वाढतात, बाकीचे मागे राहतात. कॅलिफोर्नियात रानओटाच्या मुळांवर झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे स्पष्ट दिसले. रोप वाढीच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर वेगवेगळी द्रव्ये सोडत होते आणि ज्या जिवाणूंना त्यातली सुगंधी सेंद्रिय आम्ले खाता येत होती तेच मुळांभोवती वाढत होते. मूळ नुसते अन्न सांडत नाही, ते निवडही करते.

आता हिशेब करू, कारण या विषयात हिशेब टाळला जातो. गहू आणि बार्लीवरच्या अनेक मोजमापांचा आढावा याकोव्ह कुझियाकोव्ह आणि ग्रझेगोर्झ डोमान्स्की यांनी २००० साली घेतला. त्यांच्या अंदाजानुसार ही पिके हवेतून घेतलेल्या कर्बाचा २० ते ३० टक्के वाटा जमिनीखाली पाठवतात, हेक्टरी सुमारे १५०० किलो. त्यातला निम्मा मुळांच्या शरीरात राहतो, सुमारे एक तृतीयांश मुळांच्या आणि सूक्ष्मजीवांच्या श्वसनात कार्बन डायऑक्साइड होऊन जातो, उरलेला मातीत आणि तिच्यातल्या जिवांत मुरतो. एकरी ६०० किलो कर्ब. आपल्या कोरडवाहू पिकाचा आकडा याच्या निम्मा धरा, तरी ३०० किलो राहतात.

याच्या शेजारी जीवामृत ठेवून पाहा. दोनशे लिटर पाण्यात दहा किलो ताजे शेण, गोमूत्र, एक-दोन किलो गूळ, तेवढेच बेसन आणि बांधावरची मूठभर माती. हे एका एकराचे प्रमाण. शेणात बहुतांश पाणीच असते. गूळ, बेसन आणि शेण यांतला सगळा कर्ब एकत्र केला तरी तो एका खेपेला दोन-अडीच किलोंच्या पुढे जात नाही. चार महिन्यांच्या पिकाला महिन्यातून दोनदा दिले तर वीस किलो. जनावराच्या पोटातल्या उबेत, प्राणवायूविना वाढलेले जीव शेतातल्या मातीत फार काळ टिकतही नाहीत. हे मी कोणाचा उपमर्द करण्यासाठी लिहीत नाही. विदर्भातून सुभाष पाळेकरांनी जी शेतीपद्धती मांडली तिच्यात आच्छादन, वापसा आणि मिश्र पिके यांनाही तितकेच स्थान आहे. ज्या शेतकऱ्यांना या पद्धतीचा गुण आला, त्यांच्या शेतात माझ्या मते मोठे काम याच तीन गोष्टींनी केले. जमीन झाकलेली राहिली, मुळांना हवा आणि ओल यांचा मेळ मिळाला, आणि एकाऐवजी तीन-चार प्रकारची मुळे एकाच वावरात नांदली. श्रेय मात्र पिंपातल्या द्रावणाला गेले, कारण पिंप डोळ्यांना दिसते.

मुळे जिवांशी काय काय व्यवहार करतात हे आपल्याच तीन पिकांवरून पाहण्यासारखे आहे.

सोयाबीनचे रोप नत्राला भुकेले झाले की त्याच्या मुळांतून जेनिस्टीन आणि डायडझीन यांसारखी द्रव्ये सुटतात. मातीतला ब्रॅडीरायझोबियम जिवाणू ती ओळखतो आणि उत्तरादाखल स्वतःचे एक रसायन सोडतो. ते पोचले की मुळावरचा केस वळतो, जिवाणूला आत घेतो आणि गाठ तयार होऊ लागते. गाठ नखाने फोडली की आत गुलाबी रंग दिसतो, तो लेगहिमोग्लोबिनचा. ही गाठ काम करते आहे की नाही हे तपासायची रीत आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक आहे. पण रोपही ती तपासत असते, हे फारसे ठाऊक नाही. टोबी किअर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सोयाबीनच्या गाठींभोवतीच्या हवेतला नायट्रोजन काढून तिथे आर्गॉन भरला, म्हणजे जिवाणूंना इच्छा असूनही नत्र देता येईना. त्या गाठींतल्या जिवाणूंची वाढ जवळजवळ निम्म्यावर आली. काम न करणाऱ्या गाठीचा प्राणवायूचा पुरवठा रोप आखडता घेते असे या प्रयोगातून दिसले. मुळांच्या दारात कोणाला थारा मिळावा यावर रोपाची अशी कडक देखरेख असते.

तुरीची गोष्ट हैदराबादजवळच्या पटणचेरू येथील इक्रिसॅट या संशोधन संस्थेत उलगडली. तिथल्या लाल जमिनीत स्फुरद असतो, पण तो लोहाला घट्ट चिकटलेला असतो आणि बहुतेक पिकांना तो सोडवता येत नाही. तूर मात्र त्याच जमिनीत, स्फुरदाचे खत न देताही, बरी येत होती. नोरिहारू आए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात याचे कारण दिले. तुरीची मुळे पिसिडिक आम्ल आणि त्याच्या जातीची द्रव्ये सोडतात. ती लोहाला पकडतात आणि स्फुरद मोकळा होतो. हरभऱ्याची मुळेही मॅलोनिक आणि सायट्रिक आम्ले सोडून असाच खटाटोप करतात. आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या ज्वारी-बाजरीच्या तासांमधून तुरीचे तास टाकले गेले. ते केवळ वरणाच्या सोयीसाठी नव्हते, जमिनीलाही त्याचा काही लाभ होत होता, असे आता आपण पुराव्यानिशी म्हणू शकतो.

ज्वारीचे काम याहून वेगळे आहे आणि मला ते सर्वात विलक्षण वाटते, कारण तिची मुळे काही जिवांना रोखतात. जमिनीत टाकलेला युरिया आधी अमोनियम होतो. मग नायट्रोसोमोनास आणि त्याच्यानंतर नायट्रोबॅक्टरसारखे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. अमोनियम मातीच्या कणांना धरून राहते. नायट्रेट पाण्याबरोबर खाली निघून जाते, विहिरीत उतरते, आणि काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत सुमारे २७० पट तापमानवाढ करतो. म्हणजे पैसे देऊन घातलेले नत्र हातचे जाते आणि वर नुकसानही करते. ज्वारीच्या मुळांतून सोर्गोलिओन आणि आणखी काही द्रव्ये सुटतात, ती या नायट्रेट बनवणाऱ्या जिवाणूंचे काम मंदावतात. जपानमधल्या जिरकास या संशोधन संस्थेत गुंटूर सुब्बाराव आणि त्यांच्या चमूने यावर दीर्घकाळ काम केले आहे. ज्वारीच्या वाणावाणांत सोर्गोलिओनचे प्रमाण कमी-अधिक असते हेही दिसले आहे. याच चमूने २०२१ मध्ये एका रानगवताच्या गुणसूत्राचा तुकडा गव्हात आणून गव्हाच्या मुळांनाही ही शक्ती देता येते हे दाखवले. सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या रानात थोड्याशा खतावर उभी राहणारी रब्बी ज्वारी आपल्या मुळांनी काय करते, याचे वाणनिहाय मोजमाप महाराष्ट्रात जोमाने व्हायला हवे. ज्वारीचे क्षेत्र वर्षानुवर्षे घटत असताना आपण धान्याबरोबर हे कसबही गमावत आहोत.

मुळांचा हाकारा मित्रांपर्यंतच जातो असे नाही. ज्वारीवर उगवणारा टारफुला ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगायला नको. टारफुल्याचे धुळीसारखे बारीक बी मातीत वर्षानुवर्षे पडून राहते आणि जवळ योग्य मूळ आल्याची खूण मिळाल्याशिवाय रुजत नाही. ही खूण म्हणजे स्ट्रायगोलॅक्टोन गटातली द्रव्ये. त्यातले पहिले, स्ट्रायगॉल, १९६६ मध्ये कपाशीच्या मुळांच्या पाझरातून वेगळे केले गेले. पण कोणतेही रोप स्वतःच्या वैऱ्याला बोलावणारे द्रव्य कशाला बनवील, हे कोडे जवळजवळ चाळीस वर्षे सुटले नाही. २००५ मध्ये जपानच्या कोहकी आकियामा आणि सहकाऱ्यांनी दाखवले की हा निरोप मुळात मायकोरायझा बुरशीसाठी आहे. स्फुरदाची चणचण भासली की रोप ते सोडते, बुरशीचे तंतू फांद्या फोडत मुळाकडे येतात, आणि पुढे स्वतःच्या जाळ्यातून मुळाला न पोचणारा स्फुरद आणून देतात. टारफुल्याने मधल्यामध्ये ही हाक चोरून ऐकण्याची विद्या साधली. भुकेल्या जमिनीत टारफुला अधिक माजतो त्याचे एक कारण इथेच आहे.

या प्रकरणातून खतांबद्दलचा एक धडा निघतो आणि तो दोन्ही बाजूंच्या लोकांना थोडा बोचेल. रासायनिक खतांनी जमिनीतले जीव मारले, असे वाक्य आज सर्रास ऐकू येते. ते तसे खरे नाही. डॅनिएल गाइसेलर आणि केट स्को यांनी २०१४ मध्ये जगभरातल्या ६४ दीर्घकालीन प्रयोगांचे आकडे एकत्र केले. रासायनिक खत दिलेल्या जमिनीत सूक्ष्मजीवांचे एकूण वस्तुमान, काहीच खत न दिलेल्या जमिनीपेक्षा सरासरी १५ टक्के अधिक होते. जमीन फार आम्लधर्मी झाली तिथे मात्र ते घटले. खतामुळे पीक वाढले, मुळे वाढली, जिवांना अन्न वाढले, असा याचा सरळ अर्थ. खताचे नुकसान वेगळ्या जागी आहे. जमिनीत स्फुरद मुबलक असला की रोप बुरशीला हाक देणे कमी करते. नायट्रेट भरपूर असले की गाठी धरत नाहीत. जीव मरत नाहीत, पण मूळ आणि जीव यांच्यातले बोलणे बंद पडते. ज्या शेतकऱ्याने पेरणीलाच भरमसाट डीएपी ओतले त्याने त्याच हंगामात मायकोरायझाची बाटलीही विकत घ्यावी, यात खर्च दुप्पट आणि अर्थ शून्य. ही दोन्ही उत्पादने एकाच पावतीवर विकली जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

बाटलीला जागा आहे, पण ती नेमकी आहे. ज्या जमिनीत सोयाबीन पूर्वी कधी घेतलेच नव्हते तिथे त्याचा जिवाणूही नसतो. अशा ठिकाणी दहा किलो बियाण्याला २५० ग्रॅमचे पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून चोळले तर फरक ठळक दिसतो. पण एकदा जिवाणू जमिनीत रुजले की नव्या पाकिटातल्या जिवाणूंना जुन्यांशी झुंजावे लागते आणि ते बहुतेक वेळा हरतात. अमेरिकेच्या सोयाबीन पट्ट्यात हा अनुभव दशकानुदशके येत आहे: पाकिटात उत्तम जिवाणू, गाठींत मात्र स्थानिक. मायकोरायझाचे तर याहून कठीण आहे. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढूच शकत नाही. तिला साखर आणि स्निग्ध पदार्थ दोन्ही रोपाकडूनच लागतात. मोहरी आणि कोबीच्या कुळातली पिके तिला थाराच देत नाहीत. मग मूळ नसलेल्या जमिनीत तिचे काय होते?

याचे उत्तर ऑस्ट्रेलियातून आले आहे आणि ते आपण लक्षपूर्वक ऐकले पाहिजे, कारण क्वीन्सलँडच्या डार्लिंग डाउन्स भागातली जमीन आपल्यासारखीच काळी, चिकण, उन्हाळ्यात भेगाळणारी आहे. तिथले शेतकरी ओल साठवण्यासाठी शेत वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ मोकळे ठेवत. ओल साठे, नायट्रेटही साठे, आणि तरीही पुढचे सूर्यफूल खुरटे येई, स्फुरद आणि जस्ताच्या कमतरतेची लक्षणे दाखवी. जॉन थॉम्पसन यांनी १९८७ मध्ये ‘ऑस्ट्रेलियन जर्नल ऑफ अॅग्रिकल्चरल रिसर्च’मध्ये याचे कारण मांडले. दीर्घ पडीत मायकोरायझा बुरशी उपासमारीने घटली होती. जमिनीत स्फुरद होता, तो आणून देणारे उरले नव्हते. या आजाराला तिथे ‘लाँग फॅलो डिसऑर्डर’ म्हणतात.

आता मराठवाडा-विदर्भातल्या कोरडवाहू वावराचे वर्ष डोळ्यांसमोर आणा. जूनच्या शेवटी पेरलेले सोयाबीन शंभर दिवसांत, ऑक्टोबरच्या सुरुवातीला निघते. ज्याच्याकडे पाणी नाही तो पुढे काही पेरत नाही. नांगरट होते, धसकटे वेचून बांधावर जाळली जातात, आणि पुढच्या जूनपर्यंत त्या जमिनीत एकही जिवंत मूळ नसते. वर्षातले आठ महिने. ऑस्ट्रेलियातल्या पडीपेक्षा हा काळ कमी आहे, पण तो दरवर्षी येतो आणि त्यात नांगराने बुरशीचे तंतू तोडण्याची भर पडते. या आठ महिन्यांकडे न पाहता जमिनीचा सेंद्रिय कर्ब का घटतो याची चर्चासत्रे भरवण्यात मला अर्थ दिसत नाही.

बेवड ही कल्पना आपल्या शेतकऱ्याला कोणा शास्त्रज्ञाने शिकवलेली नाही. हरभऱ्याचा बेवड कशाला मानवतो, तागाचा कशाला, कोणत्या पिकामागे कोणते पीक घेऊ नये, हे ज्ञान घराघरांत होते. आता त्यामागची यंत्रणा दिसू लागली आहे. स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये मक्यावर केलेले काम यातले ठळक उदाहरण. मक्याची मुळे बेन्झोक्साझिनॉइड नावाची द्रव्ये सोडतात, त्यांनी मुळांभोवतीचे जिवाणू आणि बुरश्या बदलतात. पहिले पीक निघून गेल्यावरही तो बदल मातीत उरतो. त्याच मातीत वाढलेल्या पुढच्या मक्याची वाढ थोडी कमी झाली, पण त्याची प्रतिकारशक्ती वाढली आणि त्यावर सोडलेल्या लष्करी अळीची वाढ खुंटली. हीच अळी २०१८ मध्ये भारतात आली आणि आपल्या मक्याची दाणादाण उडवून गेली. आधीचे पीक मातीत आपली आठवण ठेवून जाते आणि पुढचे पीक ती वाचते, एवढे तरी यातून निश्चित झाले. ती आठवण दरवेळी हिताचीच असते असे नाही. हरभऱ्यावर हरभरा घेत राहिले की मर रोगाची बुरशी साठत जाते, हेही बेवडच.

या विचाराला सर्वात वजनदार हरकत पाण्याची आहे, आणि ती शेतकऱ्याकडूनच येते. जिवंत मूळ पाणी पिते. सोलापूर भागात खरिपात जमीन मोकळी ठेवून रब्बीची ज्वारी घेण्याची रीत अज्ञानातून आलेली नाही. परतीच्या पावसाची ओल भारी जमिनीत साठवून तिच्यावर पीक काढायचे, असा तो विचार आहे. उन्हाळी नांगरटीने तण आणि किडींचे कोष मरतात हेही खरे. कपाशीवर बोंडअळी असेल तर पऱ्हाट्या वेळेवर काढाव्याच लागतात. शिवाय सुगी झाली की जनावरे मोकाट सुटतात. एकट्याने मागास पीक ठेवायचे तर राखण कोणी करायची? या अडचणी खऱ्या आहेत आणि ‘बारा महिने जमीन हिरवी ठेवा’ असे भाषण करून त्या सुटत नाहीत.

पण त्या अडचणींच्या मर्यादेतही पुष्कळ करता येते. नुसत्या सोयाबीनऐवजी चार ओळींमागे दोन ओळी तुरीच्या टाकल्या तर सोयाबीन निघाल्यावरही जानेवारीपर्यंत त्या वावरात खोल जाणारे मूळ जिवंत राहते. यासाठी वेगळे पाणी लागत नाही, वेगळी मशागतही नाही. सोयाबीननंतर ओल असेल तिथे करडई किंवा हरभरा टोकता येतो. बांधावर मारवेलसारखे गवत असले तर तिथे बुरशीचे जाळे वर्षभर टिकते आणि पावसाबरोबर वावरात परत पसरायला वाव मिळतो. पीक उपटण्याऐवजी कापले आणि मुळे जागेवर कुजू दिली तर त्यांचा कर्बही जमिनीत राहतो आणि त्यांनी पाडलेल्या वाटाही. नेरळजवळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी सगुणा भात तंत्रात चिखलणी बंद करून गादीवाफ्यावर भात घ्यायला आणि मुळे जमिनीतच ठेवायला सांगितले. कोल्हापूरच्या प्रताप चिपळूणकरांनी विनानांगरणीच्या शेतीतून हाच आग्रह धरला. हे दोघेही शेतकरी आहेत. त्यांच्या मांडणीतला प्रत्येक मुद्दा प्रत्येक जमिनीला लागू होईल असे नाही, पण मुळांकडे लक्ष वळवण्याचे काम त्यांनी आपल्या संस्थांच्या आधी केले.

संस्थांचा विषय निघालाच आहे तर सांगतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा गोष्टी मोजल्या जातात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल आणि बोरॉन. नावात आरोग्य आहे, पण जिवंत असलेले काहीच मोजलेले नाही. मातीच्या श्वसनाची चाचणी अवघड नाही आणि महागही नाही. ती यात का असू नये? निदान त्या वावरात वर्षातले किती महिने पीक उभे असते एवढा रकाना तरी हवा. तो भरायला प्रयोगशाळाही लागत नाही.

वाण निवडीचा प्रश्न याहून खोल आहे. मक्यावर मुळे खाणारी अळी आली की जुन्या जातींची मुळे एक वास सोडतात, त्यावर अळीला मारणारे सूक्ष्म सूत्रकृमी धावून येतात. उत्तर अमेरिकेत प्रचलित झालेल्या मक्याच्या वाणांनी ही शक्ती गमावली, हे २००५ मध्ये उघड झाले. कोणी ठरवून ती काढली नव्हती. निवड करताना कोणी मुळांकडे पाहिलेच नव्हते. किअर्स आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सोयाबीनच्या जुन्या-नव्या वाणांना चांगल्या आणि कुचकामी जिवाणूंचे मिश्रण देऊन पाहिले. नव्या वाणांना त्या मिश्रणात जुन्यांइतका निभाव लावता आला नाही. भरपूर नत्र असलेल्या प्रक्षेत्रावर वाण निवडत गेले की कुचकामी जिवाणूला शिक्षा करण्याची गरजच पडत नाही आणि ती क्षमता हळूहळू झिजते.

आपल्याकडेही वाणाचे मूल्यमापन उत्पादन, कालावधी, दाण्याचा आकार आणि रोग-किडी यांवर होते, तेही बहुधा शिफारशीत खतमात्रा दिलेल्या प्लॉटवर. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या चारही कृषी विद्यापीठांनी यापुढे एक तरी चाचणी कमी खताच्या, न निवडलेल्या जमिनीवर घ्यावी, रोपे खणून गाठी आणि मुळे मोजावीत, आणि वाण प्रसारित करताना ते आकडे दाण्याच्या उत्पादनाशेजारी छापावेत. सोयाबीनच्या नव्या वाणाच्या माहितीपत्रकात तो स्वतःच्या गाठींतून किती नत्र मिळवतो हे वाचायला मिळणे हा शेतकऱ्याचा हक्क आहे. बियाणे तोच विकत घेतो, आणि मूळ त्याच्याच जमिनीत उतरणार आहे.